चार दिवस पळतात, पाचव्या दिवशी पुन्हा हजर: कुळागरातल्या माकडांवरचे उपाय बंद का पडतात?

तक्रार सगळ्यांची एकच असते. फटाका लावला, माकडे पळाली, चार दिवस शांतता. पाचव्या दिवशी फटाका वाजला तर माडावरून नुसती मान वळवून बघतात आणि पुन्हा शहाळे पिरगळायला लागतात. मग बुजगावणे होते, आरसे होतात, जुन्या सीडी दोरीला टांगून होतात, रबरी साप होतो. प्रत्येकाचे नव्याचे नऊ दिवस, आणि आमच्याकडे तर नऊही भरत नाहीत.

आमचे कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग, गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईहून आत. माड, पोफळी, केळी, मिरी, मधून पाट वाहतो. मी उच्च माध्यमिकात जीवशास्त्र शिकवतो. ‘जन्मजात वर्तन आणि शिकलेले वर्तन’ असा तक्ता दरवर्षी फळ्यावर काढतो आणि घरी येऊन माकडांकडून हरतो. थोरल्या काकांनी एकदा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून भुसभुशीत कापसाचा पट्टेरी वाघ आणला. पहिले चार दिवस वाघाने खरोखर राज्य केले. सातव्या दिवशी त्याचा एक कान गायब झाला. नवव्या दिवशी पोट फाडलेले होते आणि एक पिल्लू तो कापूस हुंगून बघत बसले होते. काका मला म्हणाले, “तू पोरांना शिकवतोस ते यांना कोणी शिकवलं रे?”

प्रश्न चांगला होता. उत्तर सापडायला मला तीन हंगाम लागले, ते इथे लिहितो.

आधी चोर कोण ते बघा

हे सांगायचे कारण असे की आम्ही पहिले वर्ष चुकीच्या चोरामागे घालवले. माडाखाली पडलेल्या कोवळ्या फळाला देठाजवळ गोल भोक असेल तर तो उंदीर. त्याला फटाक्याचे काय? तो रात्री येतो. उंदरासाठी खोडाला गुळगुळीत पत्र्याचा पट्टा मारायचा आणि शेजारच्या झाडाची झावळ माडाला टेकू द्यायची नाही, एवढे पुष्कळ होते. शेकरूही नारळ कुरतडते, पण ते दिवसा आणि एकटे येते.

काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वांदर. ते मुळात पाला खाणारे, पोटही पाला पचवायला बनलेले. कोवळे कोंब, शेंगा, फुले यांची नासधूस करतात. लाल तोंडाचे, डोक्यावर केसांचा भांग पाडलेली टोपी असलेले, ते आमच्याकडे खेती. या दोघांत एक फरक फार महत्त्वाचा: खेतीला गालात थैल्या असतात, वांदराला नसतात. थैल्या का महत्त्वाच्या ते पुढे येईल. ही पोस्ट खेतींबद्दल आहे.

उपाय बंद पडतो म्हणजे नेमके काय होते

आपण म्हणतो, माकडे हुशार म्हणून फसत नाहीत. हे खरे नाही. मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगाईवर प्रयोग केले. तिच्या शरीरात चेतापेशी साधारण 20 हजार, म्हणजे मेंदू म्हणावा असा मेंदूही नाही. तिच्या पाणी सोडणाऱ्या नळीला हलका स्पर्श केला की ती कल्ला (श्वास घेण्याचा अवयव) आत ओढते. हे जन्मजात, कोणी शिकवलेले नाही. पण तोच निरुपद्रवी स्पर्श पुन्हा पुन्हा केला की ओढणे कमी कमी होत जाते. स्मरण पेशींच्या पातळीवर कसे चालते या कामासाठी कँडेल यांना 2000 साली नोबेल मिळाले. तेव्हा रोज सकाळी सात वाजता त्याच जागी वाजणाऱ्या फटाक्याला कंटाळायला हुशारी लागत नाही. गोगलगाईलाही ते जमते.

मराठीत याला सुंदर शब्द आहे: भीड चेपणे. आवाज झाला, पुढे काहीच घडले नाही, असे दहा वेळा झाले की भीड चेपते. पानाच्या प्रत्येक सळसळीला पळणारे माकड उपाशी मेले असते, म्हणून ही भीड चेपण्याची सोय निसर्गाने प्रत्येक प्राण्यात ठेवली आहे. म्हणजे आपला फटाका ‘बिघडत’ नाही. तो रोज वापरून आपणच त्यांना ‘याच्याकडे लक्ष देऊ नका’ हा धडा शिकवत असतो. फुकट, आणि तोही नियमित तास घेऊन.

पाठ्यपुस्तकातले एक प्रसिद्ध उदाहरण इथे पुरते उघडे पडते. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक लोरेन्झ आणि टिनबर्गन यांनी 1937 साली पुठ्ठ्याची एक आकृती पक्ष्यांच्या डोक्यावरून सरकवली. एका दिशेने नेली की ती आखूड मानेचा ससाणा दिसायची, उलट नेली की लांब मानेचे हंस. ससाण्याला पिल्ले घाबरतात, हंसाला नाही, म्हणून ससाण्याच्या आकाराची भीती जन्मजात, असे आम्हीही शिकलो. पुढे 1961 मध्ये श्लाइट यांनी टर्कींवर दाखवले की आकाराचा संबंध थोडाच आहे. जी आकृती सारखी दिसते तिला ते सरावतात, जी क्वचित दिसते तिला घाबरतात. क्वचित हा शब्द लक्षात ठेवा. माझी निम्मी दुरुस्ती त्या एका शब्दात होती.

मग जन्मजात भीती मुळीच नाही का?

आहे. फक्त ती आपण बाजारातून आणतो त्या वस्तूंची नाही.

खेतीचा जुना वैरी बिबट्या. तो झाडावर चढतो. रिचर्ड कॉस आणि उमा रामकृष्णन यांनी दक्षिण भारतातल्या जंगलांत याच जातीच्या माकडांना बिबट्याच्या प्रतिकृती दाखवल्या आणि 2000 साली निष्कर्ष मांडले. पिवळ्या, ठिपकेवाल्या बिबट्याला पाहून माकडे काळ्या बिबट्यापेक्षा जास्त जोरात पळाली. म्हणजे ठिपके हीच खूण. आमचा वाघ पट्टेरी होता, शिवाय हसरा होता. 2019 मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने आपल्या कुत्र्यालाच वाघाचे पट्टे रंगवले, ती बातमी तुम्ही वाचली असेल. ते मला निर्जीव वाघापेक्षा शंभर पटीने शहाणपणाचे वाटते. पट्ट्यांमुळे नव्हे, कुत्रा हलतो आणि मागे धावतो म्हणून.

सापाची गोष्ट अजून गमतीची. रबरी साप सगळेच टाकतात. सुझन मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात अमेरिकेत दाखवले की प्रयोगशाळेत जन्मलेली ऱ्हिसस माकडे सापाला घाबरतच नाहीत. पण जंगलात वाढलेले माकड सापाला पाहून घाबरताना त्यांनी एकदा बघितले की ती पटकन घाबरायला शिकतात आणि विसरत नाहीत. मग त्यांनी चित्रफितीत फेरफार करून तेच माकड फुलांना घाबरते आहे असे दाखवले. बघणारी माकडे फुलांना घाबरायला शिकली नाहीत! म्हणजे भीती जन्मजात नाही, पण कशाची भीती पटकन शिकायची याचा कल जन्मजात आहे. फळ्यावरच्या माझ्या तक्त्यातली मधली रेघ या एका प्रयोगाने पुसली गेली. जमीन जन्मजात, पीक शिकवलेले, असे म्हणा हवे तर.

आपल्या कामाचे यातून एवढेच: रबरी सापाला कळपातली एखादी म्हातारी मादी ओरडली, तर पिल्ले शिकतील. तिने हुंगून बाजूला फेकला, तर पिल्ले तेही शिकतील. आणि कायम तिथेच पडलेला साप ती हुंगणारच.

मी मग ठिपकेवाली चादर घेतली. खरेच, बिबट्याच्या कातड्याच्या नक्षीची, पलंगावर घालायची. बायको अजून त्यावर बोलते. ती टांगून ठेवली नाही. पहाटे कळप फणसावरून पाटाच्या अलीकडे येऊ लागला की झुडपामागून दोन क्षण हलवायची आणि लगेच काढून घ्यायची, आणि त्याच क्षणी कुत्रा सोडायचा. अख्ख्या हंगामात हे मी सात वेळा केले, आठव्यांदा नाही. दरवेळी जागा वेगळी. सातही वेळा कळप गेला. एका कुळागराचा अनुभव आहे, याला संशोधन समजू नका. पण वाघाच्या नऊ दिवसांच्या तुलनेत मला तो पटला.

आणि हंगाम संपला की सगळी सोंगे काढून घरात ठेवा. चेपलेली भीड काही काळ खंड पडला की थोडी परत येते. बुजगावणे बारा महिने उभे ठेवणे म्हणजे माकडांना बसायला खुर्ची देणे.

पळवताय, पण केव्हा?

इथे गालाच्या थैल्या आल्या. खेती केळीवर येते, भराभर गाल भरते आणि मग तुम्ही आरडाओरडा करत येता. ती पळते. तुम्हाला वाटते जिंकलो. तिच्या बाजूने बघा: खायला मिळाले, गाल भरले, आता सुरक्षित झाडावर बसून सावकाश चावायचे. तिने त्या दिवशी ‘येऊ नये’ हे शिकलेच नाही, ‘लवकर भरावे’ हे शिकली.

पळवायचे ते पहिल्या घासाच्या आधी. त्यासाठी ती कुठून येतात ते माहीत हवे, आणि ते ठरलेले असते. आमच्याकडे पाटापलीकडच्या फणसाची एक आडवी फांदी हा त्यांचा पूल होता. ती फांदी छाटली हा तीन वर्षांतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ उपाय. उडी मारणे जन्मजात आहे, ते तुम्ही विसरायला लावू शकत नाही. पण उडीला अंतर पुरेनासे करू शकता. पहाटे आणि दुपार कलल्यावर, या दोन वेळा कोणीतरी त्या कडेला असले पाहिजे. दिवसभर गलोल घेऊन फिरण्यापेक्षा हा अर्धा तास मोलाचा.

गलोलीवरून आठवले. काकांना माकडे लांबूनच ओळखतात आणि पळतात. काकू गेल्या तर ढिम्म हलत नाहीत. काकांचा लाल शर्ट घालून मी गेलो, तर क्षणभर फसली, मग माझी चाल बघून थांबली. म्हणजे ती शिकली होती, पण ‘केळी खाऊ नयेत’ हे नव्हे, ‘हा माणूस वाईट’ एवढेच.

यामागेही कारण आहे. गार्सिया आणि केलिंग यांनी 1966 मध्ये उंदरांवर दाखवले की चवीचा संबंध पोटात मळमळण्याशी झटकन जुळतो, पण आवाज-उजेडाचा मळमळण्याशी जुळत नाही. विजेच्या झटक्याचा संबंध मात्र आवाज-उजेडाशी जुळतो, चवीशी नाही. कशाला काय चिकटायचे हे मेंदूत आधीच ठरलेले असते. दगड आणि धमाका माणसाला चिकटतो, जागेला चिकटतो. केळीच्या गोडीला चिकटत नाही. म्हणून राखण एकाच माणसाकडे ठेवू नका. काकूंच्या हातातही कधी कधी गलोल दिसली पाहिजे. आमच्या काकूंचा नेम काकांपेक्षा बरा निघाला, ते वेगळेच. नेम जमिनीवर, माकडावर नाही.

हे वाचून कोणाच्या डोक्यात केळ्याला काहीतरी फासायची कल्पना आली असेल तर तिथेच थांबा. विष घालणे, फासे लावणे, गोळी घालणे हे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी मेलेले माकड काहीही शिकत नाही.

खरा बिघाड कुंपणाबाहेर होता

इतके करूनही दुसऱ्या वर्षी कळप येतच राहिला. मग लक्षात आले की मी फक्त भीतीकडे बघत होतो, लालसेकडे नाही.

चोर्ला घाटात गाड्या थांबवून पर्यटक माकडांना बिस्किटे, वेफर्स देतात. दूधसागरला हातातली पिशवी हिसकावणारी माकडे सगळ्यांनी पाहिली आहेत. आपण त्यांना नावे ठेवतो, पण आमच्याच वाड्यावर शेजारच्या आजी शनिवारी मारुतीच्या नावाने दोन केळी भिंतीवर ठेवत. कधी ठेवत, कधी विसरत. शिवाय एका घरामागे उष्ट्याचा ढीग.

‘कधीतरी’ हेच विष. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर हे पुष्कळ तपासले: चोच मारल्यावर दरवेळी दाणा मिळत असेल आणि तो एकदम बंद केला, तर कबूतर लवकर नाद सोडते. पण कधी मिळतो, कधी नाही असे असेल, तर बंद केल्यावरही ते कितीतरी वेळ चोच मारत राहते. लॉटरीचे तिकीट घेणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. आमच्या वाड्याने नकळत अशी लॉटरीच चालवली होती.

तेव्हा आठ घरे एकत्र बसलो. उष्टे झाकलेल्या खड्ड्यात, भिंतीवर काही ठेवायचे नाही, सालदाटी केळीचा घड भरला की पिकायची वाट न बघता कापून घरात टांगायचा, उरलेल्या घडांना गोणपाट. आजींना समजावणे सर्वांत कठीण गेले, आणि ते काम मी नाही, काकूंनी केले.

सावध: आधी वाढते, मग उतरते

हे कोणी सांगत नाही म्हणून लोक इथेच हात टेकतात. खाऊ बंद केल्यावर पहिले दहा-बारा दिवस त्रास वाढला. स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी ओढली, तेलाची बाटली नेली, एक नर तर ओसरीवर येऊन दात दाखवून गेला. नेहमीचे फळ मिळेनासे झाले की प्राणी आधी जास्त जोर लावतो. पैसे टाकून बाटली न देणाऱ्या यंत्राला आपणही दोन थपडा मारतोच की.

या दिवसांत एखाद्या घराने “घे बाबा, जा एकदाचा” म्हणून भाकरी फेकली की खेळ खलास. ‘जास्त दांडगाई केली की मिळते’ हा नवा धडा झाला, आणि पुढचा हंगाम आधीच्याहून वाईट जाईल. बंद करायचे तर सगळ्यांनी, एकदम आणि पूर्ण. अर्धवट बंद करण्यापेक्षा मुळीच बंद न केलेले बरे, असे माझे ठाम मत आहे.

त्या नराबद्दल: त्याच्या डोळ्यांत रोखून बघू नका आणि दात काढून हसू नका. रोखलेली नजर आणि उघडे तोंड ही त्यांची धमकीची भाषा आहे, ती जन्माबरोबर येते. आपले हसणे त्याला हसणे वाटत नाही. पाठ फिरवून पळूही नका. बाजूला बघत हळूहळू मागे सरका. चावले किंवा ओरखडले तर वाहत्या पाण्यात साबणाने 15 मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. रेबीजच्या लशीत चालढकल नको.

सत्तरीकरांना आणखी एक गोष्ट माहीत असेलच, तरी लिहितो. 2015 पासून आपल्या भागात माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. तो गोचिडीमुळे होतो. रानात किंवा कुळागरात मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नका, हात लावू नका, वन खात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवा. काजूच्या दिवसांत बोंडू वेचायला जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, घरी आल्यावर अंगावर गोचीड बघा.

‘पकडून न्या की दुसरीकडे’

बैठकीत हा सूर निघालाच. पकडणे वन खात्याचे काम, आपले नाही. आणि माझी शंका वेगळी आहे. जपानच्या कोशिमा बेटावर 1953 मध्ये एका लहान मादीने रताळे पाण्यात धुऊन खायला सुरुवात केली. तिच्या सवंगड्यांनी उचलले, आईने उचलले, पुढे त्या माद्यांच्या पिल्लांनी उचलले. म्हातारे नर मात्र तसेच माती चावत राहिले. या जातींत माद्या बहुधा जन्मभर आपल्याच कळपात राहतात आणि नर बाहेर पडतात. म्हणजे विद्या आईकडून लेकराकडे जाते. घरात शिरायला शिकलेला कळप उचलून दुसऱ्या गावाजवळ सोडला, तर रोग नाही बरा होत, मास्तर बदलीवर जातो. शिवाय इथली केळी तशीच उघडी राहिली तर रिकामी जागा दुसरा कळप भरतो.

सौर कुंपणाबद्दल बरेच जण विचारतात. त्याचा झटका दरवेळी, लगेच आणि माणसाशिवाय मिळतो, म्हणून शिकवण पक्की होते, तत्त्व उत्तम. पण खेती वरून येते, आणि पावसाळ्यात वेली तारेला टेकल्या की जोर उतरतो. एकदा तारेत झटका नाही हे एकाला कळले की चार दिवसांत सगळ्यांना कळते. कडेची झाडे छाटायची आणि दर आठवड्याला वेली काढायची तयारी असेल तरच घ्या. अनुदानाचे विभागीय कृषी कार्यालयात विचारा. घरच्या विजेची तार मात्र चुकूनही लावू नका, त्यात माणसे मरतात.

यंदा काय झाले ते सांगतो. कळप डोंगरावर आहे, दिसतो, आठवड्यातून एखाद वेळ पाटापर्यंत येतो आणि वळतो. शहाळी अजून जातात, पण मोजता येतील इतकी. केळीचे तीन घड गेले, ते गोणपाट बांधायचा मी कंटाळा केला म्हणून. आजी शनिवारची केळी आता भिंतीवर न ठेवता शेजारच्या गाईला घालतात. गाय मात्र शनिवारची वाट बघत नाही. रोज सकाळी आजींच्या फाटकाला तोंड लावून उभी असते.